नारळातली काजळी

आमच्या घरात लग्नापासून आम्ही तिघं राहत होतो. मी, माझा नवरा तन्मय आणि त्याची झिरप. झिरप जेवायला असायची, संध्याकाळी फिरायला यायची, सासूबाईंचा नांदेडहून फोन आला की त्यातही डोकवायची. एकदा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी असताना तन्मय मागून येऊन म्हणाला, "प्रणू, समज, वाफ शिट्टीतून न जाता पत्र्यातूनच बाहेर झिरपायली, तर तुला कसं कळेल?" मी म्हटलं, "वरण कच्चं राहील." त्यावर तो इतका खूश झाला, की ते वाक्य त्याने आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत घातलं. माझं नाव मात्र घातलं नाही.

झिरप म्हणजे काय, ते मी त्याच्यापेक्षा थोडक्यात सांगू शकते. निसर्गातल्या बाकीच्या बळांच्या मानाने गुरुत्वाकर्षण फारच अशक्त आहे. दाराला लावायचं चुंबक टाचणी उचलतं, तेव्हा खाली अख्खी पृथ्वी ती टाचणी ओढत असते आणि हरते. असं का? तन्मयचं म्हणणं, की सगळं गुरुत्वाकर्षण आपल्या जगात राहतच नाही. लांबी, रुंदी, उंची यांपलीकडे आपल्याला न दिसणारी आणखी एक दिशा आहे आणि थोडं गुरुत्वाकर्षण तिकडे झिरपून जातं.

हे तपासायचं कसं? दूर कुठेतरी दोन मेलेले, घट्ट तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात लाटा उठतात. त्या आपल्यापर्यंत येतात, तशा क्षीण होत जातात, म्हणून लाटेच्या जोरावरून टक्कर किती लांब झाली ते काढता येतं. पण त्याच टकरीचा उजेडही येतो आणि ती कोणत्या दीर्घिकेत झाली ते दिसतं; त्या दीर्घिकेचं अंतर उजेडावरून वेगळं काढता येतं. म्हणजे एकाच टकरीचं अंतर दोन वाटांनी मिळतं. लाटा वाटेत झिरपत असतील, तर त्या हव्यात त्यापेक्षा क्षीण होऊन पोचतील आणि टक्कर आहे त्यापेक्षा लांबची वाटेल. उजेड झिरपत नाही, त्यामुळे त्याचं अंतर बरोबर राहील. दोन अंतरांतला फरक म्हणजे झिरप. अकरा वर्षं तन्मय या फरकाची वाट बघत होता आणि लोक त्याला हसत होते. हसणाऱ्यांत कधीमधी मीही असायचे.

आणि या वर्षी फरक आला.

आमची लहरवेधशाळा मराठवाड्याच्या पठारावर, काळ्या खडकात आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या एकमेकींशी काटकोन करून पडल्या आहेत. त्यांच्यात हवा नाही, टोकांना आरसे टांगलेत आणि त्यांच्यामधून लेसर धावतो. लाट आली की एक नळी ताणली जाते, दुसरी आखडते. किती? अणूच्या गाभ्यातल्या एका कणाच्या हजाराव्या हिश्शाइतकी. परदेशातली मोठी यंत्रं या हंगामात नवे आरसे बसवण्यासाठी बंद होती, त्यामुळे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आकाशाकडे नीट कान लावून बसलेले आम्हीच होतो. एवढ्यात पाच टकरी सापडल्या. पाचही टकरी लाटेवरून चार टक्के जास्त लांब वाटत होत्या.

चार टक्के म्हणजे तुम्हाला किरकोळ वाटेल. तन्मयने त्या दिवशी स्वतः शिरा केला, त्यात वेलदोडा दोनदा घातला आणि कॉलनीत दारोदार वाटून आला. चैत्र संपताना दिल्लीला जाहीर घोषणा करायची ठरली. फक्त एक सही राहिली होती आणि ती माझी होती.

तन्मय लाटांचा अर्थ लावतो. मी लाटा मोजणारं यंत्र मोजते. आमच्या लग्नाच्या बैठकीत त्याच्या मामांनी "म्हणजे मुलगी करते काय?" असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं होतं, की बाजारातल्या वजनकाट्यांवर शिक्का मारणारा इन्स्पेक्टर असतो ना, तसंच. मामांचं तोंड पडलं. पण खरोखर तसंच आहे. यंत्र आम्हाला फक्त प्रकाश कमीजास्त झाल्याचं सांगतं. तेवढ्या प्रकाशासाठी आरसा नक्की किती हलला असेल, हे कुणीतरी आधी ठरवून द्यावं लागतं. त्यासाठी आम्ही आरशाला मुद्दाम ढकलतो आणि तेही प्रकाशानेच. लहानशा वेगळ्या लेसरचा झोत आरशावर पडला की आरशाला इवलासा धक्का बसतो. झोताचं बळ माहीत असेल तर धक्का माहीत आणि धक्का माहीत असेल तर आरशाची हालचाल माहीत. सगळा डोलारा शेवटी एकाच प्रश्नावर उभा राहतो. त्या झोतात प्रकाश नेमका किती?

तो मोजतो आमचा नारळ. कागदोपत्री त्याचं नाव 'संदर्भ मोजगोल' असं भारदस्त आहे, पण नारळाएवढा आहे, पोकळ आहे आणि आतून पांढराशुभ्र आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे त्याला नारळच म्हणतात. एका बाजूला छोटं भोक. त्यातून झोत आत सोडायचा. तो आतल्या पांढऱ्या भिंतींवर आपटत आपटत सगळीकडे सारखा पसरतो आणि भिंतीतला एक संवेदक त्याचं माप सांगतो. दर हंगामाच्या सुरुवातीला नारळाने लेसर मोजायचा, मग भोकावर आट्यांचं टोपण बसवायचं आणि नारळ पेटीत ठेवून द्यायचा.

अर्थात कुठलंच माप तंतोतंत नसतं. म्हणून माझ्या कामाचं खरं फळ म्हणजे आकडा नव्हे, पट्टा. यंत्राचं माप अमुक टक्के इकडे किंवा तिकडे चुकलेलं असू शकेल, असा पट्टा मी आखून देते. तन्मयचा संगणक त्या पट्ट्यात बसतील अशा हजारो चुका एकेक करून खऱ्या मानतो, दर वेळी टकरीचं अंतर नव्याने काढतो आणि सगळ्या उत्तरांचा मिळून जो ढीग पडतो, ते आमचं उत्तर. पूर्वी याला आठवडे लागायचे. आता चहा उकळेपर्यंत होतं. या हंगामाचा माझा पट्टा एक टक्क्याचा होता. एक टक्क्याच्या पट्ट्यात चार टक्क्यांचा फरक लपत नाही. म्हणून झिरप खरी.

सही करायच्या आदल्या दिवशी मी पोहे खाता खाता तन्मयला सहज विचारलं, "लाट जितकी लांबून येईल, तितकी जास्त झिरपायला हवी ना?"

"हो."

"तुझ्या पाचांतली जवळची टक्कर तेरा कोटी प्रकाशवर्षांवरची आहे. लांबची साठ कोटींवरची. मग दोघींची झिरप सारखीच कशी? लांबचीची चौपट तरी हवी."

त्याने लिंबू पिळता पिळता हात थांबवला. "झिरप सुरुवातीलाच होते. नंतर ती दिशा भरून जाते आणि थांबते."

"हे कधी ठरलं?"

"मागच्या महिन्यात."

"म्हणजे आकडे बघून."

"प्रणिता, सगळं जगच आकडे बघून ठरतं." त्याने मला प्रणू न म्हणता प्रणिता म्हटलं की मामला गंभीर आहे असं समजावं. "तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण ना."

"लांबची आणि जवळची वस्तू सारख्याच टक्क्यांनी चुकायली, तर इन्स्पेक्टर आधी काटा बघतो. वस्तू नाही."

"अकरा वर्षं!" तो ताट सरकवून उठला. "अकरा वर्षं लोक म्हणायलेत, तुझं हे डोक्यातलं खूळ आहे. आज पहिल्यांदा आकाश माझ्या बाजूने बोलायलंय आणि माझ्याच घरात काटा तपासायची हौस आलीय."

मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पण सरळ आडवी रेष डोळ्यांपुढून हलेना. पाच बिंदू, एका ओळीत, एखाद्या शिस्तीच्या शाळेतल्या पोरांसारखे. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो.

मापन विभागाच्या प्रमुख वैजयंती कुलथे. वेधशाळेची पायाभरणी झाली तेव्हापासून त्या इथे आहेत आणि नारळ त्यांनी स्वतः घडवून घेतलेला. मी त्यांच्याकडे धाकटा नारळ मागितला. म्हणजे नारळाचा जोडीदार, दुसऱ्या इमारतीत कुलपात असतो आणि क्वचितच उघडतात, कारण वापराने तोही जुना होतो.

"अगं, कशाला? बाहेरच्या समितीने तुझा पट्टा मंजूर केलाय," मॅडम म्हणाल्या. "आणि नवऱ्याच्या घोषणेच्या तोंडावर?"

"नवऱ्याची आहे म्हणूनच, मॅडम. दुसऱ्या कुणाची असती तर कदाचित सही करून मोकळी झाले असते."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि किल्ली दिली.

दुपारी एकच झोत आधी धाकट्यात सोडला, मग थोरल्यात. थोरला चार टक्के कमी सांगत होता. मी तारा बदलल्या, संवेदक तपासला, जागा बदलून पाहिल्या. चार ते चारच.

नारळ कमी सांगत असेल, तर लेसरचं बळ आम्ही खऱ्यापेक्षा कमी धरलं. मग आरशाची हालचाल कमी धरली. मग प्रत्येक लाट खऱ्यापेक्षा क्षीण मानली आणि प्रत्येक टक्कर लांबची. लांबची असो की जवळची, सारख्याच टक्क्यांनी. तन्मयची झिरप आकाशात नव्हती, पेटीत होती.

पण लगेच दुसरा प्रश्न आला आणि तो जास्त महत्त्वाचा होता. नारळ आज कमी सांगतोय. दसऱ्याला, लेसर मोजला तेव्हाही कमी सांगत होता का? का नंतर बिघडला? तो नंतर बिघडला असेल तर हंगामातली मापं बरोबर आणि झिरप शाबूत. तो लेसर पुन्हा मोजायची सोयही नव्हती. हंगाम संपताच यंत्र खोललं होतं आणि जुने लेसर निकाली काढले होते.

मी बॅटरी लावून नारळाच्या आत बघितलं. पांढराशुभ्र. फक्त पेटीच्या कडेला एक पिवळा कण दिसला. मी बोटावर घेतला. हळद!

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेतकरी औत पुजतो, सुतार करवत पुजतो, तशी वेधशाळेत प्रत्येक विभाग आपापली यंत्रं पुजतो. बाहेरचे पाहुणे कौतुकाने फोटो काढतात. आम्ही काही बावळट नाही. धुळीचा कणसुद्धा यंत्राला चालत नाही हे आम्हालाच जास्त ठाऊक, म्हणून हळदकुंकू फक्त पेटीला लागतं, फूलही पेटीवरच. नारळ टोपण लावून आत. पूजा मॅडम करतात. या वेळी मी नव्हते, घट उठवायला माहेरी वसमतला गेले होते.

हळदीचा कण दाखवला तशा मॅडम पांढऱ्या पडल्या. "आत गेली असेल?"

"बघू या की." मी घरून डबीत हळद आणली. भंगारातला एक जुना गोल होता, त्यात चिमूटभर टाकली आणि झोत सोडला. माप जागचं हलेना. आणखी टाकली. जेमतेम हललं. मग माझीच मला गंमत वाटली. आपल्या डोळ्यांना हळद झगझगीत पिवळी दिसते, कारण ती निळा प्रकाश गिळते. पण आमचा लेसर अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. त्या प्रकाशाच्या डोळ्यांनी पाहिलं तर हळद जवळजवळ पांढरीच. डोळ्यांत भरणारी गोष्ट निर्दोष निघाली.

"मग अवरक्तातही काळं असणारं आणि आपल्याला न दिसण्याइतकं थोडं, असं काय आत जाईल?" मॅडमनी विचारलं. त्या आता घाबरलेल्या नव्हत्या, माझ्यासारख्याच नादाला लागल्या होत्या.

उत्तर मला घरी, देव्हारा पुसताना मिळालं. दर शुक्रवारी पुसते, तरी वरच्या फळीवर एक काळसर वर्तुळ असतंच. कापराचं. कापूर जळतो तेव्हा काजळी सोडतो आणि काजळी कोणत्याही प्रकाशाला काळीच. शिवाय नारळात झोत भिंतींवर शेकडो वेळा आपटतो, दर आपटीला थोडा थोडा गिळला जातो, म्हणून नजरेला न दिसणारा थरही मापात दिसतो. दुसऱ्या दिवशी भंगारातला गोल धुऊन घेतला आणि भोकाजवळ कापराची एक वडी जाळली. आत पाहिलं तर पांढरंच. माप मात्र तीन टक्क्यांनी उतरलं होतं.

मॅडमनी ते माप पुन्हा एकदा वाचलं. मग ठाम म्हणाल्या, "आरती केली मी. पण टोपण बंद होतं, प्रणिता. मी स्वतः आवळलं होतं. घट्ट."

त्या म्हणाल्या म्हणजे ते तसंच असणार. मग काजळी दुसरीकडून आली. तेही लगेच सापडलं. माघात वार्षिक पाहणीसाठी नारळ उघडून ठेवला होता आणि नेमका त्याच आठवड्यात खिडकीखाली जुना डिझेल जनरेटर चालवून बघत होते. खोलीत वास येतोय म्हणून मीच तक्रार केली होती. काजळी ती काजळी, तिच्यावर तारीख लिहिलेली नसते. जनरेटरची असेल, तर ती पाचही टकरींनंतर बसली.

संध्याकाळी घरी आले तर तन्मय मेथी निवडत बसला होता. भांडण झालं की तो नेहमी भाजी निवडतो. मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नारळ, हळद, कापूर. कापूर म्हटल्यावर त्याचा हात थांबला. मला वाटलं, चार टक्क्यांचा धक्का बसला असेल.

"पण कापूर शक्य नाही," मी म्हटलं. "मॅडमनी टोपण लावलेलं होतं. बहुतेक जनरेटरचाच धूर आहे."

"म्हणजे नंतरचा," तो हळू आवाजात म्हणाला.

"बहुतेक. पण बहुतेकवर मी सही करू शकत नाही. काजळी आधीची का नंतरची हे माहीत नाही, म्हणून मला पट्टा पाच टक्क्यांचा करावा लागेल. दोन्ही शक्यता त्यात बसतील. दिल्लीची घोषणा होणार नाही, तन्मय. मला माफ कर. पण तुझी झिरप मेली असंही नाही. ती पट्ट्यात आहे. पुढचा हंगाम आहे, त्याच्या पुढचा आहे. नाही असं कुणीच म्हणू शकणार नाही."

मी भांडणाची तयारी करून बसले होते. त्याने फक्त विचारलं, "आणि काजळी नक्की कधी बसली हे कळलं तर?"

"तर पट्टा रुंद करायची गरजच नाही. माहीत असलेली चूक वजा करायची असते. पट्टा चार टक्के सरकवायचा आणि होता तसा अरुंद ठेवायचा. मग झिरप आहे का नाही ते स्वच्छ दिसेल. किंवा काजळी नंतरची असेल तर काही सरकवायचंच नाही आणि तू दिल्लीला."

त्याने मान हलवली आणि मेथीची पानं केराच्या टोपलीत व देठ पातेल्यात टाकत राहिला. माझं लक्ष होतं, पण मी टोकलं नाही.

सकाळी तो माझ्याबरोबर मापन विभागात आला. कधी येत नाही. कुलथे मॅडमच्या टेबलापुढे शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला.

"मॅडम, खंडेनवमीला टोपण मी काढलं होतं."

मॅडमना आधी कळलंच नाही. मलाही नाही.

"प्रणू नव्हती. तुमचं ओवाळून झाल्यावर तुम्ही म्हणालात, तिच्या जागी आता तू ओवाळ. आरती माझ्या हातात देऊन तुम्ही पेढे वाटायला वळलात. मला चेष्टा सुचली. म्हटलं, तोंड झाकून बसलेल्याला काय ओवाळायचं? टोपण काढलं, कापूर चांगला जवळ नेऊन ओवाळला आणि तुम्ही वळायच्या आत टोपण परत लावलं. धूर आतच राहिला असेल. आट्या मात्र नीट बसवल्या मी." "काल कापूर हा शब्द ऐकेपर्यंत मला आठवलंसुद्धा नव्हतं."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच नारळाने लेसर मोजला होता.

"गाढवा," मॅडम म्हणाल्या. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "तू हे सांगितलं नसतंस तर कुणालाच कळलं नसतं. जनरेटरवर गेलं असतं. तुझी झिरप राहिली असती."

"मला कळलं होतं ना," तन्मय म्हणाला. "अकरा वर्षं मी एकच विचारतोय, झिरप आहे का नाही. उत्तर माझ्याच खिशात असताना लोकांना काय विचारत फिरू?"

मला त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटला. डोळे भरून आले म्हणून मी चहा ठेवायला उठले. जाता जाता पट्टा चार टक्के सरकवला, रुंदी होती तशीच एक टक्का ठेवली आणि त्याच्या संगणकाला हिशेब सुरू करायला सांगितलं. चहाला उकळी आली तेव्हा पडद्यावर पाच टकरी उमटल्या. लाटेचं अंतर आणि उजेडाचं अंतर, एकावर एक. तेरा कोटींवरची जागच्या जागी, साठ कोटींवरचीही. मधे बोटभर फट राहिली नव्हती.

तन्मय बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता रडेल. तो पुढे वाकून म्हणाला, "काय सुंदर बसलेत गं."

मग खरंच रडला. मॅडमनी त्याच्या हातात चहा दिला आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

दिल्लीची घोषणा रद्द झाली. तन्मयने झिरपेचा लेख मागे घेतला आणि दुसरा लिहिला. त्यात टोपण काढल्याचं त्याने पहिल्याच पानावर, आडपडदा न ठेवता लिहिलं. लोक पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी पुढची पानं वाचली. तेरा कोटी वर्षांपूर्वी दोन तारे एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या लाटांनी मराठवाड्यातल्या एका खोलीत कापूर जळाल्याचं सांगितलं. पाचही टकरी एकच गोष्ट सांगत होत्या, तुमचा काटा चार टक्के कमी दाखवतोय. मग आकाशालाच इन्स्पेक्टर का नेमू नये? जवळच्या आणि लांबच्या टकरी एकाच टक्क्याने चुकल्या तर काटा बघा, लांबच्या जास्त चुकल्या तर आकाश बघा. आता सगळ्या देशांतल्या वेधशाळा आपली मापं अशीच ताडून पाहतात. या लेखात त्याने माझं नाव घातलं. आधी माझं, मग त्याचं.

घर मात्र काही महिने ओकंबोकं वाटलं. जेवताना आम्ही पावसाबद्दल बोलायचो. सासूबाईंनी एकदा फोनवर विचारलं, "ते तुमचं झिरपणं कुठवर आलं?" आणि तो शांतपणे म्हणाला, "थांबलं, आई." मला झिरप इतकी आठवेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं जिच्यावर मी चिडत होते, तिच्यासाठी एकदा देव्हारा पुसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

यंदाच्या खंडेनवमीला मी माहेरी गेले नाही. मॅडमनी विभागात कापूर बंद केला होता. निरांजनही दाराबाहेरच. नारळ धुऊन, नव्याने घासूनपुसून परत आला होता. मॅडम तन्मयला म्हणाल्या, "यंदा पूजेला तू बस. बघते, हात कुठे जातो."

तो बसला. टोपण आवळलेलं आहे ना, ते बघितलं. पुन्हा बघितलं. पेटीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि हात जोडून डोळे मिटले. देवाधर्माशी काही देणंघेणं नसलेला माझा नवरा चांगला वेळ तसाच बसून राहिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस एवढं?"

"तुझा पट्टा निम्मा होऊ दे म्हटलं."

"का?"

"एक टक्क्याच्या पट्ट्यात चार टक्क्यांची झिरप नाही, हे कळलं. अर्ध्या टक्क्याची असेल तर? ती तुझ्या पट्ट्यात आरामात झोपलेली असेल. तू पट्टा बारीक केल्याशिवाय मला दिसणार कशी?"

त्याचा चेहरा कुकरजवळ उभ्या असलेल्या त्या पोराचा झाला होता.

"मग हे देवाला कशाला सांगतोस?" मी म्हटलं. "मला सांग की. चल, धाकट्या नारळाची किल्ली घेऊन येऊ."